आठवा ठिपका

दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी नगरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्रात संशोधन करून एम.एस्सी. करत होते. ‘संशोधन’ हा शब्द मी तेव्हा फार ठासून उच्चारत असे, विशेषतः नातेवाइकांसमोर. प्रत्यक्षात मी दिवसभर बाजरीची कणसं सोलत बसायची.

कणीस पोटरीत, म्हणजे पानाच्या वेष्टनातून बाहेर पडण्याआधी, असतानाच काढायचं, स्पिरिट आणि अ‍ॅसिडच्या बाटलीत बुडवून ठेवायचं. मग त्यातल्या एका फुलाचा परागकोश, म्हणजे राजगिऱ्याच्या दाण्याएवढा ऐवज, काचेवर घेऊन त्यावर लाल रंगाचा थेंब सोडायचा, सुईनं कुटायचा, वर पातळ काच ठेवायची आणि टीपकागद धरून अंगठ्यानं दाबायचं. कमी दाबलं तर पेशी एकावर एक चढून बसतात, जास्त दाबलं तर सगळ्यांचा खर्डा होतो. माझा अंगठा आमच्या विभागात बदनाम होता. सर म्हणत, “तुला गुऱ्हाळावर ठेवायला हवं.”

आम्ही राहायचो नगरलगत, भिंगारला. वडील लष्कराच्या कचेरीत कारकून होते. लहानपणी मला देवी आल्या होत्या आणि जाताना तोंडावर आपल्या खुणा ठेवून गेल्या होत्या. लग्नासाठी तोवर दोन स्थळं मला बघून, चहा पिऊन, पुन्हा न येण्यासाठी निघून गेली होती. म्हणून वडिलांनी मला भिंगारच्या बाजारातल्या फोटोवाल्याकडे नेलं. गावी पाठवायला जवानांचे फोटो आणि स्थळांना पाठवायला मुलींचे, यावर त्याचं दुकान चालायचं. निगेटिव्हवर पेन्सिलीचं टोक फिरवून तो मुलींचे डाग घालवायचा आणि जवानांना मिशा दाट करून द्यायचा. माझा फोटो आला तेव्हा चेहरा नुकत्याच सारवलेल्या ओट्यासारखा गुळगुळीत होता. ही मुलगी मला फारच आवडली. संगमनेरच्या एका स्थळालाही आवडली. पुढच्या महिन्यात बघायला येतो, असा त्यांचा निरोप आला.

इकडे एका दुपारी अंगठ्याला काय सुबुद्धी झाली कोण जाणे, एक पेशी अशी पसरली की बघत राहावं. बाजरीच्या त्या पेशीत गुणसूत्रांच्या सात जोड्या असतात. त्या सातही सुट्या दिसत होत्या आणि त्यांच्यापासून जरा दूर, पंगतीत न घेतलेल्या पाहुण्यासारखा, एक इवला आठवा ठिपका होता. आमच्या देशी बाजरीत हे जादा गुणसूत्र कुणी दाखवलेलं नव्हतं. सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला, चष्मा पुसला, पुन्हा लावला.

“फोटो पाहिजे,” ते म्हणाले. “फोटो असेल तर तुझा प्रबंध झाला. नाहीतर हा तुझ्या डोळ्यातला कचरा.”

विभागात कॅमेरा नव्हता. काचेच्या कडा मी मेणानं बंद केल्या होत्या, पण तो रंग फार दिवस टिकत नाही, थोड्याच दिवसांत सगळं वाळून जातं. आणि माझा अंगठा तेवढ्यात दुसरी अशी पेशी देईल यावर माझा स्वतःचाही विश्वास नव्हता. मी फोटोवाल्याला गाठलं.

तो टांग्यातून भात्याचा मोठा कॅमेरा घेऊन आला. मायक्रोस्कोप स्टुलावर आडवा केला, कॅमेऱ्याची पुढची भिंगं काढली आणि दोघांची तोंडं काळ्या फडक्यानं एकमेकांना बांधली. उजेड सूर्याचा, खालच्या आरशानं धरलेला. सूर्य सरकला की मी आरसा वळवायची. प्रयोगशाळेतले सगळे भोवती जमले, तेव्हा मी उगाच घड्याळ बघत महत्त्वाच्या माणसासारखी उभी राहिले. फोटोवाल्यानं काळा बुरखा डोक्यावर घेतला आणि सवयीनं बाजरीला बजावलं, “आता हलू नका.” मी श्वास रोखून धरला.

आठवड्यानं फोटो हातात आला. सुरेख, स्वच्छ, एकेक जोडी मोजून घ्यावी असा. मी मोजल्या. सात. पुन्हा मोजल्या. सातच. आठव्या ठिपक्याच्या जागी पांढरंशुभ्र पटांगण होतं. धावत जाऊन मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं, तर काचेवरचा थेंब वाळून त्याला उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या होत्या. वर्षभराची मेहनत, पदवी, सगळं त्या पटांगणात गेलं होतं.

सायकल दामटत मी भिंगार गाठलं.

“ठिपका कुठे गेला?” मी दारातूनच ओरडले.

“त्यो व्हय?” फोटोवाला खुशीत म्हणाला. “कचऱ्याचा कण आलता ताई, मदीच. काढून टाकला. तुमचं काम हाय म्हनून लई मन लावून केलं.”

त्यानंतर मी जे भाषण केलं ते आठवलं की आजही कान तापतात. विज्ञान म्हणजे काय, सत्य म्हणजे काय, जे आहे ते आहे तसंच दाखवायचं असतं, असलेला डाग पुसणं ही शुद्ध फसवणूक आहे, असं बरंच काही. फोटोसाठी खुर्चीत बसलेला एक जवान माझा आवाज ऐकून सावधानमध्ये उभा राहिला.

फोटोवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. “पेन्शिलच हाय, निघंल,” तो म्हणाला. “पन पुसताना ओरखडा गेला तर माज्या नावानं बोंबलू नका.”

टर्पेंटाइनचा बोळा त्यानं निगेटिव्हवर हलक्या हातानं फिरवला. डोळे मिटावेसे वाटत होते आणि मिटवतही नव्हते. काळपट फिल्मवर हळूहळू एक स्वच्छ, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका उघडा पडला. मी आनंदानं जवळजवळ रडलेच.

बोळा हातात तसाच ठेवून त्यानं फडताळातून आणखी एक निगेटिव्ह काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

“मंग हिलाबी पुसू का?”

ती मी होते. जवानही वाकून बघू लागला. आताच सत्यावर केलेलं भाषण दुकानात घुमत होतं, आणि रविवारी संगमनेरची माणसं यायची होती.

“ती राहू द्या,” मी म्हणाले.

त्यानं मान हलवली आणि निगेटिव्ह परत ठेवली. हसला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

नवा फोटो सरांनी भिंगाखाली बघितला आणि पाठीवर थाप मारली. प्रबंध मार्गी लागला.

रविवारी संगमनेरची माणसं आली. वर्षभर उजेडामागे आरसा घेऊन धावणारी मी त्या दिवशी खिडकीकडे पाठ करून बसले. मुलाच्या आईनं विचारलं, “काय करतेस गं?” भीतीनं माझी जीभ सुटली. पोटरीतल्या कणसापासून सुरुवात करून मी सात जोड्या, आठवा ठिपका, आडवा मायक्रोस्कोप असं सगळं सांगून टाकलं. मुलानं दोनदा जांभई गिळली. माझी आई मला डोळ्यांनी दटावत होती, पण मी ठिपक्यापर्यंत आले होते, आता थांबणं शक्य नव्हतं. बोलता बोलता मी खिडकीकडे कधी वळले तेही कळलं नाही.

मध्यस्थ काका चार दिवसांनी उत्तर घेऊन आले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

“मुलगी दिसायला बरी आहे म्हणाले,” काका चाचरत बोलले, “पण फार शिकलेली आहे. बाजरीत काय काय बघत बसते म्हणे. असली सून घरात झेपायची नाही.”

आई पदर तोंडाला लावून आत गेली. वडील काकांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले. मला आधी राग आला, मग वाईट वाटलं, आणि त्यानंतर जे वाटलं ते मी घरात कुणालाच सांगू शकले नाही. तोवर माणसं माझं तोंड बघून नकार देत होती. माझं काम ऐकून नकार देणारी ही पहिलीच. मला अभिमान वाटला होता, आणि त्या संध्याकाळी घरात पोटभर जेवले ती मी एकटीच.