हुशार हाय, मंग अडचण कसली?

असले किस्से साचत जातात, कारण सांगायला कुणी न्हाई. गल्लीत सांगितले तर लोक हसतात, न्हाईतर उतारा टाकायला सांगतात. म्हणून शनिवारी वाटूरहून ईश्वरीला घेऊन जालन्याच्या थेरपी सेंटरला गेले, की बाहेरच्या बाकड्यावर शबानाभाभीला सांगते. माझी ईश्वरी अन् तिचा अयान, दोघं नऊ वर्षांचे, आत असतात. भाभी हसत न्हाई.

ईश्वरी चौथीत हाय. सातवीचं विज्ञान वाचून बसलीय, पण शर्टाची बटणं अजून मीच लावते. वर्गात सारखी प्रश्न विचारायची. एकदा बाई वैतागून म्हणाल्या, आजपासून तू एकही प्रश्न विचारायचा नाही. संध्याकाळी पोरगी घरी आली ती ओल्या कपड्यांत. बाथरूमला का गेली न्हाईस, असं मी विचारलं.

"जाऊ का, हा पण प्रश्नच हाय ना, आई."

मंग डॉक्टरांचा रिपोर्ट घेऊन मी हेडमास्तरांकडं गेल्ते. बुद्धी वयाच्या बरीच पुढं हाय आणि ऑटिझमही हाय, असं त्यात लिहिलं होतं. सर भले माणूस. चहा मागवला, सगळा रिपोर्ट वाचला अन् म्हणाले, "ताई, पोरगी वर्गात पहिली येते. हिला काय झालंय?"

बाहेर पडले तर फाटकापाशी वर्गातल्याच एका मुलीची आई भेटली. हळूच विचारती, तुमची पोरगी जरा मंद हाय का, हाक मारली तरी बघत न्हाई.

या दोघांची गाठ घालून द्यायला पाहिजे होती.

वाढदिवसाला वर्गातल्या मुली बोलावल्या. ईश्वरीनं वाळवीच्या राणीबद्दल सांगायला सुरुवात केली. मुलींनी केक खाल्ला अन् एकेक करून अंगणात खेळायला पळाल्या. ती सांगतच राहिली. मी हातातलं काम टाकून समोर जाऊन बसले. शेवटी तिनं विचारलं, "कळलं का सगळ्यांना?"

मी एकटीनं हात वर केला.

भाभीचंही तेच. अयान उर्दू, इंग्रजी आपला आपण वाचायला शिकला. पण मामाच्या लग्नात बँड सुरू झाला अन् कान दाबून टेबलाखाली शिरला. पाहुणे म्हणाले, एवढा हुशार पोरगा, मुद्दाम नाटकं करतोय. सख्ख्या भावाच्या लग्नात भाभी त्याला घेऊन दूर उभ्या केलेल्या ऑटोत बसून राहिली. थोड्या वेळानं अयान म्हणाला, "अम्मी, तुम जाओ अंदर. तुम्हारे को तो आवाज अच्छी लगती."

हे सांगताना भाभी हसली. मंग पाणी आणायला म्हणून उठली, ती बराच वेळ आली न्हाई.

दिवाळीच्या सुट्टीत तिनं आम्हाला जुन्या जालन्यात घरी बोलावलं. दोघांची दोस्ती व्हावी, एवढंच आमच्या मनात. पोरं गच्चीवर गेली. आम्ही जिन्यातून डोकावलो. अयान भिंतीकडं तोंड करून कसलातरी नकाशा काढत होता, ईश्वरी त्याच्याकडं पाठ करून पुस्तक वाचत होती. भाभीनं भजी नेऊन दिली. दोघांनी आपापली ताटली घेतली अन् खाल्ली. दुपारभर एक शब्द न्हाई. भाभीचं तोंड उतरलं. मी म्हणाले, जाऊ द्या.

परतीच्या बसमध्ये बसलो. ईश्वरी खिडकीबाहेर बघत होती. वाटूर जवळ आल्यावर आपणहून म्हणाली, "आई, आज आम्ही लई गप्पा मारल्या."