आपलीच गाडी समजा

दोन-तीन वर्षं आमच्या जुळे सोलापुरातल्या घरापुढे रविवारी नवीकोरी गाडी येऊन उभी राहायची आणि तासाभरात निघूनही जायची. गल्लीला वाटायचं, पोरीला बघायला येतात. पोरगी म्हणजे मी. लग्न करणार नाही असं मी कधीच सांगून टाकलं होतं, पण गल्लीची आशा काही सुटत नव्हती. येणारे असायचे शोरूमवाले, टेस्ट ड्राइव्हची गाडी घेऊन.

अण्णा गणिताचे मास्तर. निवृत्त झाल्यावर हट्टाने मोटार चालवायला शिकले ते आईसाठी. तिचं माहेर करमाळा तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठी, आणि तिला डिझेलच्या वासानेच गाडी लागायची. एसटी स्टँडवरून निघाली की टेंभुर्णी येईपर्यंत लिंबू नाकापासून हलायचं नाही. पुढे फाट्यावर उतरून पिशवी घेऊन ती चालत जायची. मामाने एकदा आपली गाडी फाट्यावर पाठवली तर तिने ती रिकामी परत धाडली. म्हणाली, "लेकीनं माहेरात उतरायचं तर नवऱ्याच्या गाडीतनं, न्हायतर एस्टीतनं. मधलं काय न्हाय." असा ताठा.

म्हणून विजेची गाडी घ्यायची, निदान हायब्रीड तरी, असं ठरलं. पहिल्या टेस्ट ड्राइव्हला आई इरकल नेसून, हातात लिंबू घेऊन पुढच्या सीटवर बसली. अण्णांना परक्या गाडीला हात लावायचा धीर नव्हता, म्हणून चालवायचा शोरूमचा माणूस. अण्णा मागे बसून सीट दाबून बघायचे आणि बॅटरीवर प्रश्न विचारायचे. विजापूर रोडने तलावापर्यंत जाऊन गाडी परत आली, तरी लिंबू तसंच मांडीवर होतं. "वासच न्हाय की गं हिला!" आई मला म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला होता की मला वाटलं, झालं, याच आठवड्यात पेढे.

कसले पेढे! दुसऱ्या दिवशी पेपरात दुसऱ्या कंपनीची जाहिरात आली, तिची किंमत कमी. मग पहिलीने सूट दिली. तिसरी म्हणाली, बॅटरी भाड्याने घ्या. तेवढ्यात पेट्रोलच्या गाड्यांच्या किमती उतरल्या, तसे हायब्रीडवाले फोन करू लागले. अण्णांना आकडे मांडत बसायचं मास्तरकीचं जुनं सुख परत मिळालं. जेवताना म्हणायचे, "थांब की जरा. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. भांडू दे त्यांना."

आई त्यांना सोडायची नाही. "मला बघायला आला तवा एका पोह्याच्या बशीत पसंत केलं. आन् गाड्या किती बघताय?"

"तेव्हा एवढी स्पर्धा नव्हती," अण्णा म्हणायचे, आणि दोघं हसायची.

खरं सांगायचं तर तिला त्या फेऱ्या आवडायच्या. शोरूमच्या प्रत्येक माणसाला ती भाऊ म्हणायची, पोहे केल्याशिवाय सोडायची नाही. आणि तेही सगळे एकाच शाळेत शिकल्यासारखे दार उघडून म्हणायचे, "बसा मॅडम, आपलीच गाडी समजा." उतरताना आई पदर सावरून म्हणायची, "गाडी लई झ्याक हाय भाऊ. पर आमच्या ह्यांचं मन लवकर ठरत न्हाय. कळवतो." मग दार हळूच लावायची. दुसऱ्याची वस्तू ती नेहमीच जपून हाताळायची.

एका रविवारी गाडी दारात येऊन थांबली तरी आई उतरेना. आमच्याच घराकडे बघत म्हणाली, "हितं कुणाकडं आलोय आपण?" आम्हाला गंमत वाटली. नंतर गॅसवर रिकामं भांडं राहू लागलं, मला ती मावशीच्या नावाने हाक मारू लागली, आणि गंमत संपली.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. हा मागे फिरणारा आजार नाही, म्हणाले. दवाखान्यातून अण्णा घरी आले नाहीत, तसेच शोरूमला गेले. तिथे उभ्या होत्या त्यातली एक विजेची गाडी त्यांनी बुक केली. सूट किती, पुढच्या महिन्यात काय येतंय, एक अक्षर विचारलं नाही. मला त्यांचा इतका राग आला की गाडीच्या पूजेला मी नारळसुद्धा हातात घेतला नाही. वरातीमागून घोडं, असं त्यांच्या तोंडावर बोलले. ते चाकाखालची लिंबं सरळ करत राहिले. आता वाटतं, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

आईला त्यांनी पुढे बसवलं आणि तलावापर्यंत नेऊन आणलं. मी मागे होते. घरापाशी आल्यावर आईने पदर सावरला आणि अण्णांकडे वळून म्हणाली, "गाडी लई झ्याक हाय भाऊ. पर आमच्या ह्यांचं मन लवकर ठरत न्हाय. कळवतो."

घरात ती त्यांना ओळखायची. चहा मागायची, औषध घ्यायला लावलं की रागवायची. गाडीत मात्र जो चालवतो तो शोरूमचा, आणि आमचे हे मागे बसतात, एवढंच तिच्या डोक्यात पक्कं होतं. अण्णांनी समजावून बघितलं, गाडीचे कागद दाखवले, एकदा रडलेसुद्धा. मग सोडून दिलं. संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दार उघडून उभे राहायचे. म्हणायचे, "बसा मॅडम."

मी म्हटलं, एकदा माहेरी तर नेऊ तिला. थंडी सरताना निघालो. टेंभुर्णीला गाडी चार्जिंगला लावून चहा घेतला, हायवे सोडला, आणि उसाच्या फडांमागे पाणी दिसायला लागलं तशी आई ताठ होऊन बसली. वळण यायच्या आधी वळण सांगू लागली. "हितनं डावीकडं. ती केळीची बाग दिसली का? तिच्या म्होरं." एकही वळण चुकलं नाही. मला वाटलं, आता सगळं परत येणार.

मामी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी होती. अण्णांनी उतरून आईच्या बाजूचं दार उघडलं.

"उतर गं. माहेर आलं तुझं."

आई जागची हलली नाही. घराकडे बघून डोळे भरले होते, पण पट्टा तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"न्हाय भाऊ. हितं न्हाय उतरायची मी."

"का?"

"परक्याच्या गाडीतनं माहेरात कशी उतरू? आमचे हे घेणारेत गाडी. तवा येईन." तिने मागे वळून पाहिलं. मागे मी एकटीच. "आज त्यांना यायला जमलं न्हाय."

अण्णा दाराशी उकिडवे बसले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "ही तुमचीच गाडी आहे हो, बाई."

आई हसली. रविवारी पोहे देताना हसायची तशीच. "इकणारे समदे असंच म्हणत्यात, भाऊ."

मामीने भाकरीचा तुकडा तसाच गाडीच्या उघड्या दाराबाहेरून ओवाळून टाकला. पाण्याचा घोट कुणी घेतला नाही. अण्णांनी गाडी वळवली.

हायवेला लागल्यावर अण्णांनी घसा साफ केला आणि शोरूमवाल्यांसारखं विचारलं, "मग मॅडम, उद्या परत आणू का गाडी?"

"आणा की," आई म्हणाली. "पर ते घरात असताना आणा."