सुहासची सॅक

मुलांनो, तुम्ही फोनवर सुहासमामाबद्दल विचारलंत तेव्हा मी विषय बदलला. आज पडद्याच्या नायलॉन दोरीचं टोक मेणबत्तीवर धरलं आणि त्या जळक्या वासाने मला २००५ साली सुहासच्या अमेरिकेतल्या, सांता क्लारातल्या घरी नेलं, म्हणून लिहिते आहे.

सुहास जेवणाच्या टेबलावर शिलाई मशीन मांडून बर्फातल्या डोंगरांसाठी स्वतःची सॅक शिवत होता. नारिंगी नायलॉनचे धागे सुटू नयेत म्हणून कापडाच्या कडा तो देवापुढच्या निरांजनावर हलकेच वितळवत होता.

“अरे, देवाला हा कसला धूप?” मी म्हटलं.

“आई, दुकानातल्या सॅकचं स्टिचिंग वीक असतं गं. तू हा पट्टा ओढून बघ.”

मी सगळा जोर लावून ओढला. तो तुटला नाही आणि मी निर्धास्त झाले. त्या संध्याकाळी मला वाटत होतं, भीती फक्त पट्टा तुटण्याची आहे.

पुढच्याच महिन्यात तो स्कीइंग करत असताना हिमकडा कोसळला आणि तुमचा मामा त्याखाली गाडला गेला. बर्फ वितळल्यावर तो सापडला, तेव्हा सॅक त्याच्या पाठीवरच होती. ती आता माझ्या कपाटात आहे. तिची एकही शिवण उसवलेली नाही.