आशामावशीची साक्ष आणि राहून गेलेली तपासणी

आशामावशीच्या पोटात चांगली बातमी कधी टिकली नाही. नवापूरजवळच्या एका पोल्ट्रीत ती अंडी गोळा करते. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाची म्हैस व्याली, हे आमच्या पाड्यावर आधी तिच्याच तोंडून कळायचं. तेव्हा तिची मुलगी लिडिया बरी झाल्यावर ती गप्प बसणं शक्यच नव्हतं.

लिडियाच्या गुडघ्याजवळ हाडाचा कॅन्सर निघाला होता. सुरतेत ऑपरेशन झालं, किमो झाली, गेलेले केसही परत आले. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "दर तीन महिन्यांनी रक्त तपासा, छातीचा फोटो काढा. या आजारात रक्तातला एक घटक वाढतो. हिचा आता खाली आलाय. तो पुन्हा चढला म्हणजे आजार पसरलाच असं नाही, पण लगेच शोधता तरी येईल." मावशीने मान डोलावली. रक्त तर नवापुरातच देता येणार होतं.

पुढच्याच रविवारी ती चर्चमध्ये साक्ष द्यायला उभी राहिली. देवाने आपलं जे भलं केलं ते सगळ्यांसमोर सांगायची आमच्याकडे रीत आहे. "माझी पोर पूर्ण बरी झाली. तिच्या अंगात आजाराचा कणही उरला नाही," मावशी म्हणाली. बाया रडल्या, मीही रडले. इतकी मनापासूनची साक्ष मी नंतर ऐकली नाही.

आणि तिथेच घोडं अडलं. तपासणीची वेळ आली तशी मावशीला लाज वाटू लागली. लॅब भर बाजारात, समोर आमच्याच मंडळीतल्या बाया भाजी घेत असणार. पोरीला आत नेताना पाहिलं तर म्हणतील, हिचाच हिच्या साक्षीवर विश्वास नाही!

लॅबवाले जगदीशभाऊ एकदा रस्त्यात भेटले आणि पोरीला रक्त द्यायला कधी आणणार म्हणून विचारू लागले. "मावशी, पोरनं रगत देवानं ऱ्हायी गयं ना. कव्हय लई येशी तिले?"

"नाताळ व्हई जाऊ दे, भाऊ."

नाताळ झाला. मग म्हणे, ईस्टर होऊ दे. मला राग येतो तो याचाच. सुई टोचून घेऊ नका असं देवाने कधी सांगितलं? आमच्या चर्चचे पाळक सुरुपसिंग यांना विचारलं असतं तर त्यांनीच दोघींना मोटरसायकलवर बसवून नेलं असतं. पण विचारायचं म्हणजे मनात भीती आहे हे कबूल करायचं, आणि तेच तिला जमेना.

ईस्टरच्या आधी हंडा उचलताना लिडिया धाप लागून खाली बसली. रक्तातला तो आकडा भलताच चढलेला निघाला. सुरतेला स्कॅन केला, तर आजार दोन्ही फुप्फुसांत पसरलेला. आधी कळलं असतं तर पुन्हा ऑपरेशनचा विचार करता आला असता, असं डॉक्टर म्हणाले. आता औषधं देऊन बघायचं, एवढंच.

त्या दोघी परत आल्यावर मी भाकरी घेऊन त्यांच्याकडे गेले. मावशी लिडियाच्या खाटेशी बसली होती. "लोक काय म्हणतील म्हणून मी तुला नेलं नाही," ती रडत सांगत होती. "माझ्यामुळेच झालं हे." मला वाटलं, पोर आता चिडेल. चिडायलाच हवी होती.

"मला नाताळातच दम लागत होता, आई," लिडिया म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू सगळ्यांसमोर सांगितलं होतंस ना, मी बरी झाले म्हणून. तुला खोटं कसं पाडू?"