शून्य सेकंद

चॅटमध्ये लिहिलेला निरोप लगेच न जाता दहा सेकंद थांबतो आणि तेवढ्यात तो मागे घेता येतो, एवढंच काम करणारं, ब्राउझरला जोडायचं एक एक्स्टेंशन मी काही वर्षांपूर्वी केलं. फुकट. एकदा रागाच्या भरात साहेबांना नको ते लिहून बसलो होतो, त्यातून सुचलेलं. वापरणारे वाढत गेले, तसे माझे रविवार कमी होत गेले. चॅटवाले अधूनमधून आपलं पान बदलायचे, माझं मागे घ्यायचं बटण बंद पडायचं आणि लोक लिहायचे, "कधी नीट करणार?" आठवडाभर कारखान्याच्या संगणक विभागात हेच करायचं आणि कारेलीबागेत घरी येऊन परत हेच.

त्या रविवारी दुपारी नवं अपडेट सोडलं. बायकोने विचारलं, "नीट तपासलंस?"

"हो."

तपासलं होतं, पण फक्त नव्याने घेणाऱ्यांसाठी. आधीपासून वापरणाऱ्यांच्या निरोपांची थांबायची वेळ त्या अपडेटने शून्यावर नेली होती. ते मला मंगळवारी सकाळी एका ईमेलवरून कळलं. "तुमच्यामुळे माझा निरोप गेला. जायचा नव्हता." मराठीत एवढंच, आणि खाली फोन नंबर.

आधी चूक सुधारून दुसरं अपडेट चढवलं, मग फोन लावला. सुभानपुऱ्यात राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. आवाजात राग नव्हता, त्याने मी जास्तच अवघडलो.

"मला ते अपडेट-बिपडेट नाही जमत, भाई," त्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाल्या. "तुम्हीच येऊन जा ने."

कामावरून सुटल्यावर तसाच स्कूटरने गेलो. फोनवरची अक्षरं दिसत नाहीत म्हणून त्या लॅपटॉपवरच चॅट करत. जेवणाच्या टेबलावर तो उघडाच होता. नवं अपडेट घेऊन दहा सेकंद परत लावून द्यायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. उठणार, तर त्यांनी चहा पुढे ठेवला.

"मुलगा कॅनडात असतो," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या वर्षश्राद्धाला आला नाही. दर रविवारी मी त्याला लिहायची, तू आला नाहीस ते मी विसरले नाहीये. पाठवायची आणि लगेच मागे घ्यायची. तेवढ्याने बरं वाटायचं. मग लिहायची, जेवलास का."

"आणि या रविवारी ते गेलं."

"गेलं. त्याने वाचलं पण."

मी माफी मागितली. चहा फार गोड होता, तरी तो संपवणं भाग होतं. "त्यांचा फोन आला?"

"काल आला. भांडलो. तो म्हणाला, सुट्टी मिळाली नाही हे तुला सांगितलं होतं. मी म्हटलं, सांगितलंस, पण मला कसं वाटेल हे विचारलं नाहीस. त्याने फोन ठेवला." त्यांनी लॅपटॉप मिटला. "बरं झालं की वाईट, मला अजून कळत नाही."

"चूक माझी होती, बाई."

"तुमचीच. पण लिहिलेलं तर माझंच होतं."

घरी आलो, जेवलो आणि एक्स्टेंशनच्या पानावर झालेली चूक सविस्तर लिहून टाकली. खाली अपेक्षेप्रमाणे शिव्या आल्या. एकाने विचारलं होतं की बटणाला नवा रंग कधी येणार. त्या दोन दिवसांत आणखी कुणाकुणाचं काय गेलं असेल, ते मला कुणी कळवलं नाही, आणि मीही विचारलं नाही. तेवढी ताकद नव्हती.

पंधरा दिवसांनी बाईंनी कळवलं, मुलाचा पुन्हा फोन आला होता. भांडण झालं नाही, पण फार बोलणंही झालं नाही. दिवाळीला येईन म्हणाला आहे, पण तो असं दरवर्षी म्हणतो.

मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बंद करून टाक ना आता हे सगळं."

"करतो," मी म्हटलं. अजून केलेलं नाही.