आठ चौकटींची हजेरी

गल्लीत त्यांना सगळे शिफ्टमास्तर म्हणत. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली आणि त्यातली सव्वीस वर्षं एकच काम केलं. कोण कधी कुठे उभा राहणार, हे ठरवायचं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी सवय काही सुटली नव्हती. घरातल्या चार खुर्च्यांवर ते आळीपाळीने बसत, एकीवरच भार नको म्हणून. पायपुसण्यांनाही आठवड्याची सुट्टी असे. शेजारीण म्हणायची, "यांच्या घरात माणूस एक आणि कामगार पन्नास."

कारखान्यातली भट्टी कधी विझत नसे. ती विझली तर आतली काच गोठते आणि सगळा कारभारच बसतो. पण भट्टी चालवायची म्हणजे माणसं भाजून काढायची नव्हेत, असं मास्तरांचं मत होतं. म्हणून त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी भल्याभल्यांना मोडू दिला नाही. भट्टीसमोर एका माणसाने सलग दोन तासांपेक्षा जास्त उभं राहायचं नाही. माणूस तापला की तो मागे, दुसरा पुढे.

त्यांची एकुलती एक लेक पूल बांधायच्या कामावर दूर होती, तीन विमानं बदलावी लागतील इतकी दूर. ती फोन करायची तेव्हा मास्तरांचं बोलणं ठरलेलं असे. "बरी आहेस ना? जेवलीस? थांब, आईला देतो." मग मायलेकी तासभर बोलत आणि मास्तर शेजारी बसून एका बाजूचं तेवढं ऐकत. बायको गेली, त्यानंतरच्या महिन्यात एकदा सवयीने त्यांच्या तोंडून तेच गेलं. थांब, आईला देतो. फोन बराच वेळ तसाच चालू राहिला आणि शेवटी लेकीने ठेवला.

पुढच्या सुट्टीत ती आली, ती आपलं जुनं कॉम्प्युटरचं मशीन बापाच्या टेबलावर मांडूनच गेली. त्यात एक गेम होता. मारामारी नाही, शर्यत नाही. मोठं तळं, दोन होड्या, पलीकडे झाडी आणि पाण्यावर सतत पहाटेचं धुकं. कानाला हेडफोन लावायचे, वल्हं मारायचं आणि बोलायचं.

"या वयात होडी?" मास्तर म्हणाले होते.

पण दर रविवारी दुपारी चार वाजता, तिच्याकडे सकाळ असताना, बापलेक त्या तळ्यावर भेटू लागले. आणि गंमत म्हणजे मास्तर बोलू लागले. हात कामात असले की त्यांची जीभ सैल होई, कारखान्यातही तसंच असायचं. पाणी संथ हलत राही, तिची होडी चार हात पुढे आणि तिचा आवाज मात्र कानाशी. कधी कधी त्यांना वाटे, आपण खुर्चीत बसलेलोच नाही. बायको काठावर बसली असेल, चपला काढून, पाण्यात पाय सोडून. उशीर झाला की हाक मारेल. पाच वाजता हेडफोन काढले तरी ते धुकं थोडा वेळ खोलीत रेंगाळत असे. तळ्यावरच्या त्या एका तासाच्या आधाराने मास्तर उरलेला आठवडा काढत होते.

मग उकाडा सुरू झाला आणि मशीनचा पंखा घोंगावू लागला. मास्तरांनी डब्याच्या मागे हात धरला, तर भट्टीसमोरून यावी तशी झळ आली. लेकीला विचारलं, तर ती वल्हं मारता मारता म्हणाली, "आत प्रोसेसर असतो ना बाबा, त्यातले कोर, म्हणजे हिशेब करणारे भाग, काम करतात, म्हणून तापतो."

काम करणारे आणि तापलेले! मास्तरांना चैन पडेना. चष्मा लावून, दोन दुपारी खपून त्यांनी शोधून काढलं की गेम कोणकोणत्या कोरवर चालवायचा, हे मशीनला सांगता येतं. स्क्रीनवर आठ चौकटी उघडल्या, शून्य ते सात, प्रत्येकीत एक खूण. आपलं कारखान्यातलं टेबल परत मिळाल्याचा आनंद त्यांना झाला.

त्या रविवारपासून गेम सुरू केला की आधी ते हजेरीपट उघडत. खास त्यासाठी रेघा मारून एक वही केली होती. चारजण कामावर, चारजण रजेवर, पुढच्या रविवारी उलट. गेम बंद केला की खुणा आपोआप पहिल्यासारख्या होत, म्हणून दर वेळी नव्याने सगळं करावं लागे. त्याचा त्यांना कंटाळा नव्हता. हजेरी काय, रोजच घ्यायची असते.

आणि तळं अडखळू लागलं. पाणी हलता हलता थांबे आणि एकदम पुढे उडी घेई. लेकीची होडी आत्ता इथे, तर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पार झाडीजवळ. तिचा आवाज तुकड्यातुकड्यांनी येई. मास्तरांनी निदान केलं की पोरं दमलीत, आणि रजा वाढवली. आता दोघंच कामावर, सहाजण आरामात. तसं अडखळणं दुप्पट झालं. पोरं फारच दमलेली दिसतात, असं म्हणून मास्तर आणखी हळवे झाले.

"बाबा, तुमचं अर्धं बोलणं मला कळतच नाहीये," लेक एका रविवारी म्हणाली. "पुढच्या वेळीही असंच झालं तर राहू द्या. आपण फोनवरच बोलू."

फोनवर. तिथे बोलायला मास्तरांजवळ दोनच वाक्यं होती आणि तिसरं आता चालत नव्हतं.

शनिवारी त्यांनी दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं आणि सगळं सांगितलं, तळं, लेक, उद्याचे चार. रजेचं तेवढं सांगायचं त्यांच्या मनातही आलं नाही. बाई पन्नाशीच्या, बोलणं मोजकं. त्यांनी डबा उघडून पंख्यातली मूठभर धूळ ब्रशने काढली, तारा सोडवून पुन्हा घातल्या आणि गेम सुरू केला. तळं अगदी संथ. होडी कुठेही न अडखळता पलीकडच्या काठाला लागली. खात्री करायची म्हणून बाई अर्धा तास वल्हवत राहिल्या आणि त्या धुक्यात त्यांचेही डोळे जड झाले.

"काही झालेलं नाही काका. धूळ होती, ती काढली. छान चाललंय."

"तुमच्या हातात चालतंय. माझ्या हातात आलं की अडतं."

"मग तुम्ही चालवा. मी बघते."

मास्तर बसले. गेम बंद करून पुन्हा सुरू केला, चष्मा पुसला आणि खणातून वही काढली.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"हजेरीपट. या आठवड्यात शून्य आणि एक कामावर."

बाईंनी आधी वहीकडे पाहिलं, मग स्क्रीनवर भराभर पुसल्या जाणाऱ्या सहा खुणांकडे. तळं लगेच अडखळलं. बाईंनी हसू ओठांतच दाबलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"बाकीचे सहाजण कुठे गेले, काका?"

"रजेवर. तापतात हो."

"यांना रजा लागत नाही. काम नसलं की जागच्या जागी झोपतात आणि हाक आली की उठतात. शिवाय हे आठजण नाहीतच. या मशीनमध्ये चारच आहेत, एकेकाचे दोन हात मोजले म्हणून आठ दिसतात. तुमचे शून्य आणि एक म्हणजे एकाच माणसाचे दोन हात."

"म्हणजे मी..."

"एकालाच उभं केलंत. पाणी त्यानेच हलवायचं, धुकं त्यानेच पसरायचं, दोन्ही होड्या त्यानेच न्यायच्या आणि तुमच्या लेकीचा आवाजही त्यानेच आणायचा. बिचारा इकडून तिकडे धावतोय आणि तो पोचेपर्यंत बाकीचं थांबतंय."

मास्तरांचा चेहरा उतरला. सव्वीस वर्षांत त्यांनी भट्टीसमोर कुणालाही असं एकटं सोडलं नव्हतं. बाईंनी सगळ्या चौकटींत खुणा केल्या आणि ही खिडकी पुन्हा उघडायची नाही, असं बजावून त्या निघाल्या. मास्तर दारापर्यंत गेले आणि परत येऊन कितीतरी वेळ त्या वहीसमोर बसून राहिले.

रविवारी चार वाजता तळं हललं ते हलतच राहिलं.

"बाबा, आज अगदी शेजारी बसल्यासारखे ऐकू येताय."

मास्तरांनी तिला सगळी हकीकत सांगितली. लेक इतकी हसली की तिची होडी जागच्या जागी गरगर फिरली.

"म्हणजे एकटाच सगळं ओढत होता. आणि बाकीचे रजेवर."

"हो."

मास्तर काठाकडे वल्हवू लागले. धुक्यात काठावर कुणीतरी बसल्याचा भास झाला. जवळ गेल्यावर तो दगड निघाला.

"आपल्या घरीही तसंच होतं गं," मास्तर म्हणाले. "कारखान्यात कुणाचं लेकरू आजारी पडलं की मी त्याला रजा द्यायचो आणि त्याच्या जागी स्वतः उभा राहायचो. घरी माझ्या जागी तुझी आई. तुझी दुखणी, तुझी शाळा, सगळं तिनेच काढलं. तुझ्याशी माझं बोलणंसुद्धा तिनेच केलं. मला वाटायचं, घर सुरळीत चाललंय. चुकलं माझं."

पलीकडून काहीच आलं नाही. पुन्हा अडकलं की काय, म्हणून मास्तरांनी दचकून पाण्याकडे पाहिलं. पाणी हलत होतं. तिची होडी हळूहळू वळत होती, आणि वळून त्यांच्या होडीला येऊन टेकली.

"तिचं काहीतरी सांगा ना बाबा," लेक म्हणाली. "मला माहीत नसलेलं."

मास्तरांनी वल्हं सोडून दिलं. पाच वाजले, साडेपाच वाजले, दोन्ही होड्या आपल्याआप धुक्यातून जात राहिल्या. मास्तर सांगत होते, हात रिकामे असूनही सांगत होते, आणि बोलणं दुसऱ्या कुणाला द्यायची त्यांना आठवणही झाली नाही.