काकूंच्या नावाचा जंत

महांतेशचा हात लागला की वस्तू खाली येते, हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी रेणुकादास सरांनी आपल्या या जुन्या विद्यार्थ्याला शोकेस पुसू दिली. व्हायचं तेच झालं. बाटली फुटली, सरांच्या लातूरच्या घरात स्पिरिटचा वास सुटला आणि फरशीच्या मधोमध एक पांढरा, फितीसारखा जंत निवांत पसरला.

सर रागावले नाहीत. गुडघे धरत खाली बसले, चिमट्यानं जंत उचलला आणि चहाच्या कपात ठेवला.

तो इंदूकाकूंचा जंत होता.

सरांनी जन्मभर नांदेडला प्राणिशास्त्र शिकवलं. स्वतः पक्के शाकाहारी, पण गोदावरीकाठी वाम मासे विकत घ्यायचे, आतडी ठेवून मासा परत द्यायचे. कोळीण म्हणायची, "असलं गिऱ्हाईक रोज येवो!" त्या आतड्यांत लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांना एक नवी जात सापडली. तिच्या शास्त्रीय नावाला त्यांनी शेपूट जोडलं, 'इंदुए', म्हणजे इंदूची.

काकू तेव्हा दाराची चौकट धरून हसल्या होत्या. "लोक बायकोच्या नावानं बंगला बांधतात हो! तुम्ही जंत? तोही माशाच्या पोटातला?" पण पुढं हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना आधी पोटभर खाऊ घालायच्या आणि मग हमखास ती बाटली दाखवायच्या.

काकू गेल्याला वर्ष होत आलं होतं. रेशनकार्डावरून नाव कमी झालं, गॅसच्या पुस्तकावर सरांचं चढलं. जगात काकूंचं नाव उरलं ते त्या जंताच्या शेपटाला.

"सर, एक तुकडा द्या," महांतेश काचा गोळा करत म्हणाला. "नांदेडच्या लॅबात डीएनए काढतो. त्यातल्या अक्षरांची माळ जगाच्या डेटाबेसात काकूंच्या नावानं ठेवून देतो. मग फुटायची भीतीच न्हाई."

"तिथं तुझा हात पोचत नाही ना?"

"न्हाई, सर."

सर हसले. बऱ्याच दिवसांनी.

मग त्यांचे फोन सुरू झाले. "निघाली का रे माळ?"

"करून राहिलो, सर."

माळ निघाली. ठेवण्याआधी ती आणखी कुणाशी जुळते का, हे डेटाबेसात शोधायचं असतं. महांतेश चहा पीत निर्धास्त बसला होता. काकू एकट्याच निघणार! पडद्यावर एक नाव आलं. सरांच्याही फार आधी, दूरच्या कुठल्याशा नदीतल्या माशात सापडलेला जंत. अक्षराला अक्षर जुळत होतं. त्यानं तुकड्यातला उरलेला भाग घेतला, पुन्हा सगळं केलं, डीएनएचा दुसराच भाग तपासला. आपली चूक निघावी म्हणून माणूस इतका कधी तडफडला नसेल. चूक निघाली नाही.

तो नवी बाटली घेऊन लातूरला गेला. सरांनी बाटली बघितली, मग त्याचं तोंड बघितलं.

"आधीचं नाव निघालं का?"

महांतेशनं होकारार्थी मान हलवली. ज्यानं आधी नाव दिलं त्याचंच नाव टिकतं, हा नियम त्याला सरांनीच शिकवला होता. "नातं बघायचं नाही, वर्ष बघायचं," असं म्हणून.

"म्हणजे इंदुए गेलं," सर म्हणाले. मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखं, "भिंगाखाली मला तो अगदी वेगळा वाटला होता. नवं लग्न होतं रे. सगळंच नवं दिसायचं."

"सर, मी हे कुठं कळवतच न्हाई. कुणाला समजतंय?"

"कळव."

इतके दिवस बरणीत स्पिरिटात ठेवलेला जंत सर नव्या बाटलीत सोडत होते. महांतेशनं बाटली धरली. दोन्ही हातांनी, घट्ट. झाकण लागलं. फुटलेल्या बाटलीवरची 'इंदुए' लिहिलेली जुनी चिठ्ठी टेबलावर पडून होती, तिला मात्र सरांनी हात लावला नाही.

महांतेशला राहवेना. "सर, गोदावरीत वाम लई हायेत. मी स्वतः हुडकतो. खरोखरची नवी जात काढतो आणि तिला काकूंचं नाव देऊ. देऊ ना?"

सरांनी बाटली काकूंच्या फोटोशेजारी ठेवली.

"नको, ती हसली होती ते या जंताला."